मामांचे एकसष्ट खांब

टेलिफोनच्या खांबांची घरच्या माणसांसारखी विचारपूस करणारा माणूस या भूतलावर एकच होऊन गेला आणि तो माझा मामेसासरा होता, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. हिचे मामा बंगळूरच्या चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचा कुणी पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराच्या मागे मागे दक्षिणेत उतरला आणि इथलं हवामान मानवलं म्हणून राहिला, असं ते सांगत. मामांनी जन्मभर जमीन मोजण्याच्या खात्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही मोजणी सोडली नाही. आमचं लग्न ठरवायला मी प्रथम त्यांच्याकडे गेलो, तेव्हा माझं शिक्षण, नोकरी, पगार यांतलं काही न विचारता त्यांनी एकच प्रश्न केला, "पुण्यातलं तुमचं घर रस्त्यापासून किती पावलं?" मला सांगता येईना. त्यांनी भाचीकडे अशा नजरेनं पाहिलं की हे स्थळ हातचं जातंय, असं मला वाटलं.

पुढे आमचं छान जमलं. मी कॉम्प्युटरच्या कंपनीत होतो आणि बंगळूरला नवा होतो, आणि नवख्या माणसाला रस्ते समजावून सांगण्यात मामांना परमानंद होई. माझ्या भाषेवर मात्र त्यांचा कायमचा राग होता. "तुमचं पुण्याचं मराठी ऐकलं की वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं," ते म्हणत. त्यांच्या मराठीत कानडी शब्द पोह्यांतल्या शेंगदाण्यांसारखे अधूनमधून दाताखाली येत. कुठेही निघायची घाई केली की 'स्वल्प बसा', आणि मुद्दा पटला की 'सरी, सरी'. पटला नाही तरीही 'सरी, सरी'च, पण मग ते उठून चालू लागत.

निवृत्तीनंतर त्यांनी व्हाइटफील्डच्याही पलीकडे एका खेड्यात दोन एकर जमीन घेऊन घर बांधलं. नव्वदचं दशक निम्मं सरत आलं होतं. आमच्या मते तेव्हा व्हाइटफील्डलाच शहर संपत होतं, त्यामुळे मामा नकाशाबाहेर राहायला गेले असं आम्ही म्हणायचो. सगळ्या नातेवाइकांनी त्यांना जाऊ नका म्हणून सांगितलं, आणि बहुधा त्यामुळेच ते गेले. नाचणीचं शेत, पंधरा नारळ, दिवसातून तीनदा येणारी बस आणि शेजारच्या गावातल्या एक्स्चेंजवरून शेताशेतांतून आलेली टेलिफोनची तार, एवढा त्यांचा संसार. आणि मामी.

मामींना ऐकू येणं वर्षागणिक कमी होत गेलं होतं. ऑपरेशन झालं, यंत्र लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. समोरच्या माणसाच्या ओठांवरून त्यांना बरंच कळे, पण टेलिफोनला ओठ नसतात. त्यांची एकुलती एक लेक नंदिनी अमेरिकेत होती. दर रविवारी सकाळी तिचा फोन येई आणि फोनच्या या टोकाला मामा मध्यस्थ म्हणून उभे राहत. नंदिनी पाच मिनिटं काहीबाही सांगे. मामा ते सगळं लक्षपूर्वक ऐकत आणि मग मामींकडे वळून सांगत, "बरी आहे म्हणते." मामी विचारत, "एवढ्या वेळात एवढंच?" मामा म्हणत, "थंडीही आहे म्हणते."

अशात नंदिनीला दिवस गेले. कानांमुळे डॉक्टरांनी मामींना विमानाचा प्रवास मना केला होता. पोरगी परक्या देशात, पहिलंच बाळंतपण. आईला विचारायच्या शंभर गोष्टी, आणि त्यातली एकही बापाच्या तोंडून पाठवण्यासारखी नाही. मायलेकी पत्रं लिहीत, पण पत्राला जायला पंधरा दिवस, यायला पंधरा दिवस. तिसऱ्या महिन्यात विचारलेल्या भीतीचं उत्तर चौथ्या महिन्यात पोचायचं आणि तोवर पोरीला दुसरीच भीती लागलेली असायची. मामी टपाल यायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभ्या राहत. ते पाहून मला फार वाईट वाटे.

म्हणूनच एकदा जेवताना मी बोलून गेलो, "मामा, घरी इंटरनेट घ्या. पत्र त्याच दिवशी पोचतं." मामांचा घास हातात राहिला. "त्याच दिवशी?" मी म्हटलं, "त्याच मिनिटाला." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते माझ्या ऑफिसात हजर झाले.

माझ्या ओळखीनं एक वापरलेला कॉम्प्युटर मिळाला, मोडेम मिळाला, कनेक्शनही मिळालं. बैठकीच्या खोलीत सगळी जोडाजोड करून मी फोन लावला. मोडेमनं किंकाळ्या फोडल्या, मामांनी कौतुकानं मान हलवली, आणि दीड मिनिटात सगळं तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. तारेत खरखर होती. बोलायला चालून जाणारी खरखर मोडेमला मुळीच चालत नाही. मी सांगितलं की कुठेतरी तारेला काहीतरी लागत असणार, आणि इतक्या लांबच्या तारेत ते शोधणं अवघड आहे. "किती लांब?" मामांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मामांच्या डोळ्यांत पुन्हा ती पहिल्या भेटीतली नजर आली.

आठवड्यानं गेलो तर भिंतीवर नकाशा. एक्स्चेंजपासून घरापर्यंत एकसष्ट खांब, घराकडून क्रमांक दिलेले, आणि प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात त्याची प्रकृती. 'चौदा: वेल चढली आहे. बावीस: कलला आहे, पण स्थिर. सदतीस: कावळ्याचं घरटं, पिल्लं तीन.' लाइनमन मुनियप्पा हा सज्जन माणूस. त्यानं नकाशा पाहून हात जोडले आणि मामांना आपल्याबरोबर घेऊन जायला सुरुवात केली, किंवा खरं म्हणजे मामा त्याला घेऊन जाऊ लागले. रोज सकाळी छत्री घेऊन निघायचं आणि ज्या शेतात अडचण असेल त्या शेताच्या मालकाकडे ताक पिऊन ती सोडवायची, अशी पद्धत. एकोणिसाव्या खांबाजवळ एक अक्का ओल्या साड्या तारेवर वाळत घालत असे. मामांनी तिला रागावून काही सांगितलं नाही. नारळाच्या काथ्याची दोरी नेली आणि तिच्या अंगणात स्वतः बांधून दिली, वर दोन साड्या पिळूनही दिल्या. कावळ्याची पिल्लं उडेपर्यंत तीन आठवडे सगळं काम थांबलं. "त्यांचंही घरच आहे की," मामा म्हणाले. पंचेचाळिसाव्या खांबावर चिंचेची फांदी टेकत होती. ते झाड गावदेवीचं, त्याला कोयता लावायचा नाही. मामांनी देवीपुढे नारळ फोडला, परिस्थिती कानडीत नीट समजावून सांगितली आणि फांदी न कापता दोरीनं मागे ओढून बांधली. गाव त्यांना 'कंबद अण्णा' म्हणू लागलं, म्हणजे खांबांचे अण्णा. ते त्यांना मनापासून आवडायचं.

आणि एका रविवारी मोडेम किंचाळला, शांत झाला आणि शांतच राहिला. नंदिनीचं पहिलं पत्र पडद्यावर आलं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण तेव्हा दुसरा इलाज नव्हता. मामींना मराठी वाचता येई, कानडी वाचता येई, इंग्रजी अक्षरांशी त्यांचा संबंध कधी आला नव्हता. म्हणून मामा वाचू लागले. चार ओळी वाचल्या आणि थांबले. पाचव्या ओळीत लिहिलं होतं, 'बाबा, इथून पुढचं फक्त आईसाठी आहे. तुम्ही वाचू नका.'

मामांनी चष्मा काढून ठेवला.

मी म्हटलं, "मामा, अहो, तुम्ही वाचलं नाहीत तर मामींना कळणार कसं?" ते म्हणाले, "तिनं नको म्हटलंय." मग माझ्या बायकोनं वाचावं, असं मी सुचवलं. "लेकीनं आईला लिहिलेलं तिसऱ्यानं का वाचावं, जावईबापू?" पत्र मशीनमध्ये साठवून ठेवलं. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मामांनी लेकीला कळवलं, "तुझं पत्र पोचलं. आई अक्षरं शिकते आहे. स्वल्प थांब."

नकाशाशेजारी दुसरा तक्ता लागला. नकाशांवर लिहितात तशा सुबक वळणात सव्वीस इंग्रजी अक्षरं आणि प्रत्येकाखाली मराठी उच्चार. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मामी नातवाच्या आधी एबीसीडीला बसल्या. याच सुमाराला दसरा आला. आयुधपूजेला कर्नाटकात घरातलं प्रत्येक हत्यार धुऊनपुसून पुजतात. मामांनी मोजणीची साखळी पुजली, कुदळ पुजली, स्कूटर पुजली आणि मोडेमला ओल्या फडक्यानं पुसून, वर हळदीकुंकू वाहून, त्यावर पळीभर तीर्थ शिंपडलं. बटण चालूच होतं. मोडेमनं एक बारीकसा आवाज केला आणि देह ठेवला. मामा दोन दिवस जेवले नाहीत. खांबांकडेही गेले नाहीत. "मी पोरीची तार तोडली," एवढंच म्हणत बसले. दुसरा मोडेम मिळवायला मला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात मामींची अक्षरं पुरी झाली, हे त्यांना मी नंतर पुष्कळदा सांगितलं, पण त्यांनी स्वतःला माफ केलं नाही.

नवा मोडेम जोडला त्या सकाळी मामींनी खुर्ची पुढे ओढली, ते जुनं पत्र उघडायला लावलं आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे हे कळत नाही. पहिलाच शब्द स्वयंपाकघर ओलांडून गोठ्यापर्यंत गेला. मामा चटकन उठले, छत्री घेतली, मलाही दंडाला धरून उठवलं आणि आम्ही दोघं वाटेला लागलो. पहिल्या खांबाशी थांबलो. अजून ऐकू येत होतं. दुसऱ्याशीही. सहाव्या खांबापाशी मामांनी कान दिला आणि म्हणाले, "सरी. इथं नाही येत."

पुढे तो रिवाजच झाला. मायलेकी रविवारी एकाच वेळी बसत. एकीनं लिहिलेलं दुसरीला लगेच दिसे. मामी एका बोटानं लिहीत आणि आलेलं खणखणीत आवाजात वाचत, आणि मामा सहाव्या खांबाच्या बुडाशी बसून राहत. नंदिनीला मुलगा झाला, त्याचे दात, त्याचं पालथं पडणं, सगळं त्या तारेवरून मामांच्या डोक्यावरून जात होतं. आता मामा नाहीत. खांबही नाहीत, तारा जमिनीखालून गेल्या आणि त्या नाचणीच्या शेतांवर इमारती आल्या. तिथून जाताना मला एक रविवार हमखास आठवतो.

मी उशिराच्या बसनं आलो होतो. मामा सहाव्या खांबाशी बसलेले. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "तुम्हाला जाणून घ्यावंसं वाटत नाही, काय बोलतात दोघी?" ते म्हणाले, "इतकी वर्षं मी मध्ये उभा राहिलो आणि दोघींना अर्धंअर्धं सांगितलं. मला वाटायचं, एवढं पुरतं." मग खाली पाहत त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही लिहीत असेल का हो ती?"

तेवढ्यात मामी अंगणात आल्या आणि त्यांनी सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अहो, या की आता. नंदिनी म्हणते, आई, तुझं झालं असेल तर बाबांना बसव."

मामा उठले. सत्तरीला आलेला तो माणूस शेताच्या बांधावरून धावत सुटला, आणि त्यांची छत्री आणि एक चप्पल उचलून मी मागून चालत गेलो.