हळद लागलेली दुपार

ओल्या हळदीचा वास आला की पारोळ्याजवळच्या आमच्या घरासमोरचा निंब आठवतो. बहिणीला हळद लागली त्या दुपारी त्याच्या फांदीवर, मांज्यात अडकून, एक पिवळाधमक पक्षी उलटा फडफडत होता. "हळद्या शे तो," आजोबा म्हणाले, "आंगले हळद लायेल दिसस ना, म्हणून हळद्या." लग्न नको, कॉलेजात जायचे म्हणून महिनाभर रडलेली बहीण ताडकन उठली. "आबा, काठी द्या, मी सोडावस त्याले." आजोबांनी तिला उंबऱ्यातच अडवले. "हळद लागेल पोरनी बाहेर जावानं नही. मांडवनं काम व्हऊ दे, मंग काढसूत." मी लहान, काठी घेऊनही माझा हात पोचत नव्हता आणि माणसे मांडवाच्या बल्ल्या रोवण्यात गुंतलेली. बहीण उंबऱ्याआड बसून बघत राहिली. ऊन उतरेपर्यंत फडफड थांबली होती. "तू शिक," एवढेच ती मला म्हणाली. पुढे माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा सासरहून येऊन वडिलांशी भांडली तीच. आज मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. पदवी घ्यायला जाताना नेसलेली साडीही तिनेच घेऊन दिली. दुकानात म्हणाली, "पिवळी सोडीसन कोनतीबी ले."