श्रीपतची अकरा अक्षरं

पाकीट परत आलं तेव्हा मी गिरणीच्या डिझाइन खात्यात, माझ्या टेबलाशी होतो. वर माझंच अक्षर होतं. श्रीपतचं नाव, मुक्काम रिठद, मार्गे वाशिम. पत्त्यावर लाल शाईची आडवी रेघ होती आणि कोपऱ्यात टपालवाल्याच्या घाईच्या अक्षरात एकच शब्द... मयत. आतलं पत्र कुणी उघडलेलं नव्हतं. मुंबईतल्या एका छापखान्याला देवनागरीचे नवे खिळे तयार करून घ्यायचे होते, त्यासाठी अक्षरं काढणारा माणूस हवा होता. मी श्रीपतचं नाव सुचवलं, मालक म्हणाले, बोलवा. तेच मी त्याला कळवलं होतं. त्याच्या धाकट्या भावाला, किसनला, लिहिलं तेव्हा कळलं की मी पत्र पेटीत टाकलं त्याच्या बारा दिवस आधीच श्रीपत गेला होता. छातीचा आजार. वय पुरतं तीसही नव्हतं. आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात मी त्या बारा दिवसांचा हिशेब करत नाही, त्याआधीच्या वर्षांचा करतो. पत्र बारा दिवस उशिरा गेलं हे खरं नाही. ते काही वर्षं उशिरा गेलं.

आम्ही दोघं वाशिमच्या शाळेत एका वर्गात होतो. माझे वडील तिथे शिक्षक, त्याच्या घरची रिठदला थोडी शेती. शाळेत असल्यापासून त्याचं अक्षर असं होतं की हेडमास्तर सूचना त्याच्याकडून लिहून घेत. पुढे मुंबईच्या कलाशाळेतही आम्ही मागेपुढेच पोहोचलो आणि पदविका झाल्यावर डिझाइनच्या वरच्या वर्गात दोघांनाही जागा मिळाली. वर्गात आम्ही सहा जण होतो. माझा विषय कापडावरची छपाई. श्रीपतचा विषय अक्षरं. मोठेपणी लिहायला-वाचायला शिकणाऱ्या माणसांसाठी, कंदिलाच्या उजेडातही लांबून ओळखू येतील अशी देवनागरी अक्षरं त्याला काढायची होती. "घ अन् ध मंदी बुढा मानूस फसते," तो म्हणायचा. "भ अन् म मंदी फसते. त्याची चूक नाही ना, अक्षराची हाय." एकेका अक्षरावर तो पंधरा पंधरा दिवस बसायचा.

वर्षाअखेर प्रदर्शन असे आणि परीक्षक तिथेच काम पाहून निकाल देत. शाळा फक्त हॉल देई. फळ्या, दिवे, चौकटी, निमंत्रणं, सगळं विद्यार्थ्यांनी करायचं. आदल्या वर्षीच्या मुलांना पैसे जमले नाहीत, त्यांनी व्हरांड्यात सुतळीवर चित्रं टांगली. बाहेरचं कुणी फिरकलं नाही, त्यांतल्या एकालाही काम मिळालं नाही. आम्ही गिरण्यांच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, दुकानांत गेलो. सगळीकडून हात हलवत परत. तेव्हा श्रीपत म्हणाला, "आमच्याकडं जिनवाले हायेत, कापसाचा हंगाम चालू हाय. चाल, गावाकडं पाहू." नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं अकोल्याला गाडी बदलून वाशिमला उतरलो. वर्गाने त्याच वेळी ठरवून टाकलं होतं की पैसे आणले तर हॉलमधली मोठी भिंत श्रीपतच्या अक्षरांना द्यायची.

आठ दिवस हिंडलो. मेडशीच्या एका जमीनदारांनी आम्हाला पोटभर जेवू घातलं, श्रीपतने काढलेला 'भ' हातात धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "बाबू, भ तर भच हाय. यात तुमी काय केलं?" श्रीपत समजावून सांगू लागला. ते ऐकत राहिले, मान हलवत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "शिकून मोठे व्हा." इतकंच. दारातून बाहेर पडल्यावर आम्ही हसलो होतो. ते हसणं दोन दिवस टिकलं. त्यानंतर दर दारातून बाहेर पडताना श्रीपत हातातली गुंडाळी अधिकाधिक घट्ट धरत गेला.

शेवटी वाशिमच्या एका जिनाचे, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचे, मालक भेटले, नानासाहेब. अंगणात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, त्यांना बोलायला फुरसत नव्हती. उभ्या उभ्याच म्हणाले, "चंदा मी कोनाले देत नाही. तुमी भीक कायले मांगून राह्यले? हातात कला हाय ना? मंग काम करा." जिनाच्या चारी भिंतींवर मोठ्या अक्षरांत नाव, फाटकावरचा बोर्ड, बाजारातल्या दोन दुकानांच्या पाट्या, गाठींवर मारायचं निशाण. आम्हाला लागत होती तेवढी पूर्ण रक्कम ते द्यायला तयार होते, अर्धी लगेच, अर्धी काम झाल्यावर. श्रीपतने माझ्याकडे पाहिलं. दोघांनी मिळून केलं तर काम निम्म्या दिवसांत आटोपेल, हे त्यालाही दिसत होतं, मलाही. तो वाट पाहत होता मी काही बोलेन म्हणून... मी म्हणालो, "माझे छापायचे ठसे अजून तयार नाहीत रे." त्याची अक्षरं तरी कुठे तयार होती? अकरा झाली होती, बाकी सगळी व्हायची होती. पण तो लगेच म्हणाला, "तू जाय. मी पंध्रा दिवसांत येतो." गाडीत बसवायला आला तेव्हा कोटाच्या बाहीवर आधीच चुना लागला होता.

पंधरा दिवसांचा महिना झाला. भिंती झाल्या, तर नानासाहेबांच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवाच्या कमानी, रथावरची नावं, पाहुण्यांच्या उतरण्याच्या जागेच्या पाट्या. नाही म्हणावं तर उरलेली रक्कम अडकलेली. इकडे सुतार दारात बसलेला. मी त्याला पत्र लिहिलं. त्यातलं वाक्य मला पाठ आहे, कारण ते मी विचार करून लिहिलं होतं: पैसे ताबडतोब आले नाहीत तर प्रदर्शन होणार नाही आणि पाच जणांचं वर्ष तुझ्यामुळे जाईल. तुझ्यामुळे! आठवड्याच्या आत मनीऑर्डर आली. काम पुरं व्हायच्या आधीच त्याने नानासाहेबांकडून सगळी रक्कम मागून घेतली होती, आणि त्या बदल्यात काम संपेपर्यंत वाशिम सोडणार नाही असा शब्द दिला होता. मनीऑर्डरच्या चिठोऱ्यावर त्याने लिहिलं होतं, "माही भिंत ठेवजो."

ठेवली. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ठेवली. मग आमचे मास्तर आले आणि म्हणाले, पाहुणे दारातून शिरल्या शिरल्या रिकामी भिंत दिसणं बरं नव्हे, कुणाकडे काही जादा असेल तर लावा. माझ्याकडे छापलेली कापडं होती, जागेअभावी घडी करून ठेवलेली. मला कुणी आग्रह केला नाही. मी शिडी आणली आणि लावली. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी श्रीपतच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं. त्याच दिवशी एका गिरणीचे मॅनेजर आले, मोठ्या भिंतीपुढे बराच वेळ थांबले आणि ही कापडं कुणाची म्हणून त्यांनी विचारलं. आज मी ज्या टेबलाशी बसतो, ते टेबल मला असं मिळालं.

श्रीपत तिसऱ्या दिवशी आला. थेट स्टेशनवरून, पायजम्यावर निळ्या रंगाचे शिंतोडे, काखेत अकरा अक्षरांची गुंडाळी. दारात उभा राहून त्याने भिंत पाहिली. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "काढतो मी... आत्ता काढतो."

"राहू दे," तो म्हणाला. "चांगली दिसून राह्यली. इतल्या मोठ्या कापडाले मोठी भिंत पाह्यजेच."

मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर त्याने कापडं काढू दिली असती, हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं. तो संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये थांबला, येणाऱ्यांना प्रत्येकाचं काम समजावून सांगत होता, माझंसुद्धा. गुंडाळी त्याने उघडली नाही.

आणखी एक वर्ष मुंबईत राहणं त्याच्या घरच्यांना झेपणारं नव्हतं. "एक साल पाट्या रंगवतो, पैसे जमवतो, मंग येतो," असं सांगून तो गेला. माझ्या वडिलांची वाशिमहून बदली झाली, माझं तिकडे जाणं सुटलं. पहिल्या वर्षी त्याची चार पत्रं आली. नंतर दिवाळीला एक. वऱ्हाड मुंबई राज्यात आला तेव्हा कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं 'मध्यप्रदेश' खरवडून नवं नाव लिहायचं काम त्याला मिळालं. त्याने लिहिलं होतं, "मुंबईले येनं काही झालं नाही, पन रोज मुंबई लिहितो." मी ते पत्र खात्यात सगळ्यांना वाचून दाखवलं, मोठं गमतीचं म्हणून.

शेवटचं भेटलो दोन वर्षांपूर्वी. अकोल्याला एका लग्नाला गेलो होतो, तिथून गाडीने वाशिमला उतरलो. परतीच्या गाडीला तीन तास होते. बाजारात एका हॉटेलची पाटी तो शिडीवर उभा राहून रंगवत होता. खाली उतरताना दोनदा थांबला, खोकला. इतका वाळला होता की मी आधी हाक मारायलाच कचरलो. "अबे, साहेब झाला तू," म्हणाला आणि हात पुसून माझा हात धरला. चहा घेतला. मी त्याच्या अक्षरांबद्दल विचारलं, ती अकरा कुठे आहेत म्हणून.

"कुडाले लावली," तो म्हणाला. "हवा येत होती ना आतमंदी. जाड कागद, चांगला टिकला. मंग उधईनं खाल्ला."

वाळवीने खाल्लं हे सांगताना त्याच्या आवाजात काहीही नव्हतं. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. "तुला मुंबईला बोलावून घेतो," मी म्हणालो, "औषधपाणीही नीट होईल." तो म्हणाला, "सांगजो." स्टेशनवर आला नाही, पाटी ओली होती. मी मुंबईला आलो आणि... कामं होती. कामं नेहमीच असतात. छापखान्याच्या मालकांची गाठ पडली ती आपोआप, मी त्यांना शोधायला गेलो नव्हतो.

मागच्या आठवड्यात रिठदला जाऊन आलो. वाशिमहून मोटारीने उतरलो तर किसन घ्यायला आला होता. घरी श्रीपतची माय ओट्यावर बसलेली. रडली नाही, मला बसायला घोंगडी टाकली. मी किसनला विचारलं की श्रीपतने नंतर काढलेलं काही आहे का, एखादा कागद, एखादी वही.

"नाही न भाऊ," किसन म्हणाला. "घरी आला का त्या दगडावर लिहीत बसे. पान्यानं."

अंगणात एक काळा, सपाट, हातभर रुंद दगड होता. दिवसभर गावाच्या पाट्या रंगवून आल्यावर श्रीपत तांब्याभर पाणी घेऊन त्याच्यापुढे बसे आणि ब्रशने अक्षर काढी. काळ्या दगडावर ओलं अक्षर उमटायचं, वाळायचं, मग दुसरं. शेवटच्या महिन्यात उठवत नव्हतं तेव्हाही किसन त्याला धरून तिथे नेऊन बसवी. किती अक्षरं झाली, बाराखडी पुरी झाली की नाही, ते या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. दगडावर कपडे आपटायला माय अजून कुणाला देत नाही. रोज सकाळी अंगण झाडलं की तो धुऊन ठेवते.

ती उठून आत गेली, तांब्या आणि ब्रश घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवले. "तू बी त्याच्यासंगंच शिकला ना बाप्पा," म्हणाली. "काढ मंग एखांदं."

मी बसलो. 'श्री' काढावा असं मनात आलं. श्रीपत त्याची गाठ कशी घेत असे, डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, वर्षानुवर्षं शेजारी बसून पाहिलं होतं... हात आपल्याच सवयीने फिरला. सुबक 'श्री' निघाला, लुगड्याच्या काठावर शोभावा असा. माय वाकून पाहत होती. ऊन कडक होतं, अक्षर कडेने वाळू लागलं होतं.

"असं नोहोतं त्याचं," ती म्हणाली.