आभार मानायला उभा राहिलो तेव्हा

मी हळू बोलतोय असं मला वाटत असतं, तेव्हा शेजारच्यांची खिडकी उघडते. यात दोष माझा नाही, सीमेपलीकडच्या मसाट गावातल्या कारखान्याचा आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डिप्लोमा झाल्या झाल्या मी तिथे सुपरवायझर म्हणून लागलो. धाग्याला पीळ देणारी लांबलचक मशीनं दिवसरात्र अशी कोकलायची की माणसाचं बोलणं ऐकूच येत नसे. काही सांगायचं तर समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, कानाशी तोंड न्यायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं. लांबच्याला खुणा. दोन हातांची फुली म्हणजे बंद, वर केलेलं बोट गरगर फिरवलं की चालू. आमचे धुळे-नंदुरबारकडचे ऑपरेटर तर ओठ बघून माणूस काय म्हणतोय ते सांगायचे. त्यांच्यादेखत साहेबांना ओठांतल्या ओठांत शिव्या देण्याचीही सोय नव्हती.

अशा आवाजानिशी मी नाशिकला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील निवृत्त हेडमास्तर, त्यातून वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षक. छोटीशी बैठकीची खोली. मी आपलं सौजन्यानं म्हणालो, "पोहे छान झालेत!" हेडमास्तरांच्या हातातली बशी हलली. आत कोणाचं तरी बाळ उठलं. त्यांनी माझ्या काकांना बाजूला घेऊन विचारलं, "मुलाला ऐकायला कमी येतं का हो?" मुलगी मात्र मान खाली घालून हसत होती, आणि ते हसू मला फार आवडलं. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी परतीच्या एसटीत ठरवून टाकलं.

हेडमास्तरांनी काही ठरवलं नव्हतं. त्यांचं पत्र आलं, 'मुलाला चारचौघांत बोलताना एकदा ऐकावं म्हणतो.' त्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. मी अध्यक्षांच्या हातापाया पडून आभारप्रदर्शन पदरात पाडून घेतलं आणि हेडमास्तरांना सहकुटुंब बोलावलं.

आमचे पुण्याचे मॅनेजर भाषणं छान करत. त्यांनी मला केबिनमध्ये उभं करून धडे दिले. हात खिशात नकोत. नजर शेवटच्या रांगेवर. आवाज पोटातून, पण घसा मोकळा. वाक्य संपलं की थांबायचं, लोकांना श्वास घेऊ द्यायचा. सगळं पटलं. पण सराव कुठे करायचा? कारखान्याजवळच्या किलवणी गावात आम्ही चौघे एका खोलीत राहायचो, चौघांच्या पाळ्या वेगळ्या, कोणी ना कोणी कायम झोपलेलं. म्हणून मी सराव केला मशीनशेजारी. पंधरा दिवस, रोज. या मूर्खपणाबद्दल मला अजून कोणी बक्षीस दिलेलं नाही.

संमेलन शनिवारी दुपारी, एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. हेडमास्तर पहिल्या रांगेत, मुलगी आईबरोबर खिडकीकडच्या बायकांच्या रांगेत. माझं नाव पुकारलं. मी ऐटीत गेलो, माइकच्या दांड्यावर खांद्यावर ठेवावा तसा हात ठेवला, त्याच्या अगदी कानाशी गेलो आणि पंधरा दिवसांच्या सवयीनं ओरडलो, "सन्माननीय!"

माइक असा किंचाळला की प्रमुख पाहुण्यांनी दोन्ही कान झाकले. मी घाबरलो आणि आवाज इतका खाली आणला की पुढचे आभार फक्त मलाच ऐकू आले. हेडमास्तरांनी खिशातून पेन काढलं. परीक्षक पेन काढतो तेव्हा काय होतं ते शाळेत असताना मी भोगलं होतं. मी हातातल्या आभाराच्या कागदात तोंड खुपसलं.

तेवढ्यात लाईट गेली. वायरमननं धावत जाऊन खिडकीखालचा जनरेटर सुरू केला. पंखे फिरले, माइक मात्र मेलाच, आणि हॉलभर तो ओळखीचा, लाडका गोंगाट पसरला. शेवटच्या रांगेत आमचा सर्वांत जुना ऑपरेटर उभा राहिला. त्याचे ओठ मला स्वच्छ दिसले, "साहेब, घाबरू नका ना! आपलंच मशीनचं खातं समजा!"

मग मी काही ठरवलं नाही, अंगानंच ताबा घेतला. कागद खिशात गेला. मी पाहुण्यांकडे हात केला, छातीवर ठेवला, कमरेत वाकलो. पुरणपोळ्या लाटणाऱ्या बायकांसाठी हवेतच लाटणं फिरवलं, पोटावर हात फिरवला आणि तिसऱ्या पोळीनंतर चालतात तसं चालून दाखवलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वाक्य संपलं की थांबत होतो, नजर शेवटच्या रांगेवर होती, आवाज सोडला तर मॅनेजरांचा एकही धडा चुकला नाही. शेवटी दारातल्या वायरमनसाठी एक बोट वर करून गरगर फिरवलं. मागच्या रांगांतली शंभरेक बोटं वर गेली आणि फिरली. मग पुढच्यांनाही मजा वाटली, त्यांनीही फिरवली.

टाळ्या दिसल्या. ऐकू काही आलं नाही.

हेडमास्तर उठले. पेन खिशात ठेवलं. बायकांच्या रांगेकडे वळून लेकीला काहीतरी म्हणाले, तिला ते पोचेना. त्यांनी पुन्हा म्हटलं, तरी पोचेना. आयुष्यभर शब्दांवर जगलेला तो माणूस शेवटी हरला आणि त्यानं एक हात माझ्याकडे करून दुसरा पंजा उलटा केला. काय करायचं?

सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. माझ्या छातीत धडधडत होतं, तेवढं मला जनरेटरवरही ऐकू येत होतं. ती लाजली, तिनं आईकडे बघितलं, आणि हळूच एक बोट वर करून गरगर फिरवलं.

आमच्या ऑपरेटरांच्या शिट्ट्या मात्र जनरेटरच्या वर गेल्या.

पुढे दिवाळीनंतर लग्न झालं. संमेलनाच्या त्या दिवशी मी झाडून सगळ्यांचे आभार मानले, एकटी ती राहून गेली. हे ती मला अजून ऐकवते, आणि मशीनवर एक दिवस काम न करता माझ्यापेक्षा मोठ्यानं.