तारेविना वाजलेली घंटा

निवृत्तीनंतर मी वराळ्यातल्या फ्लॅटमध्ये बिनतारी यंत्र बांधायला घेतलं, तेही सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीचं. स्वयंपाकघरात जुन्या स्कूटरच्या कॉइलने दोन पितळी गोळ्यांमध्ये ठिणगी पाडायची. तिच्या लहरी हॉलमधल्या काचेच्या नळीपर्यंत पोचल्या की नळीतला लोखंडाचा कीस चिकटतो, त्यातून वीज वाहते आणि घंटा वाजते. तीन महिने ती वाजली नाही.

"अहो, दाराची बेल दोन वर्षं बंद आहे. आधी ती वाजवा," बायको म्हणाली.

अखेर एका रविवारी घंटा वाजली. मी कौतुकाने सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावलं. ते संगणक अभियंते. घंटा खणखणली तेव्हा त्यांनी मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही.

"छान. याचं अ‍ॅप आहे का?"

तेवढ्यात लोहगडवाडीच्या मावशी करवंदं विकायला दारात आल्या.

"तार कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"तार नाही, मावशी."

त्यांचा विश्वास बसेना. पाटी खाली ठेवून त्यांनी सोफ्याखाली वाकून पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला.

"न्हाईच की, भाऊ! परत वाजवा!"

नळीला टिचकी मारून कीस सुटा केला की घंटा थांबे आणि पुढच्या ठिणगीला पुन्हा वाजे. टिचक्या मावशींनी मारल्या, ठिणग्या मी पाडल्या. आम्ही सहा वेळा घंटा वाजवली.

तोवर या ठिणग्यांमुळे खालच्या मजल्यावरच्या काकांचा रेडिओ खरखरू लागला होता. आता मात्र सेक्रेटरींनी मान वर केली.

"असल्या लहरी सोडायचा परवाना आहे का?"

नव्हता. यंत्र त्याच संध्याकाळी मी मोडलं. सेक्रेटरींनी विचारलेला तेवढा एकच प्रश्न शहाणपणाचा होता, हे मला कबूल करावं लागलं.