औषध न्हाई, तेल हाय ते

मशीनवर ७.१ आलं. मी नंबर आणि नाव पुन्हा ताडून पाहिलं. ट्यूब हिराक्कांचीच होती.

हिराक्का बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना बाराची एसटी गाठायची होती. दाराच्या फटीतून त्यांनी विचारलं, "झालं का गं नसीम? गाडी जाईल माझी."

"पाच मिनिटं थांबा, अक्का," मी म्हणाले. पाच मिनिटांत काही होणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

मी इस्लामपुरात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. या कामात बावीस वर्षं गेली. हिराक्का आमच्याकडे दर महिन्याला येतात. लहानपणी सांधेतापानं त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली. चाळिशीत ऑपरेशन करून तिथं धातूची झडप बसवली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते. तिचं नाव वॉर्फरिन. गोळीचा डोस बरोबर आहे का, हे बघायची टेस्ट म्हणजे आयएनआर. तुमचा-माझा आयएनआर एकच्या आसपास असतो. हिराक्कांचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. कमी झाला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. डोक्यात झाला तर माणूस हातचं जातं.

सात म्हणजे फार जास्त.

आणि हिराक्कांचा रिपोर्ट म्हणजे आमच्याकडे नमुना म्हणून दाखवावा असा. वर्षानुवर्षं २.७, २.९, ३.०. एक गोळी कधी चुकली नाही. आठवड्यापूर्वी मात्र पहिल्यांदा ४.४ आला होता. डॉक्टर शिंदेंनी डोस कमी करून आठवड्यानं परत बोलावलं होतं. डोस कमी केल्यावर आकडा खाली यायला हवा. तो वर गेला होता.

मी इंटरकॉमवर डॉक्टरांना सांगितलं.

"सात? शक्य नाही. नसीमताई, किट बदललंय का?"

"सोमवारी नवीन लॉट उघडलाय, सर."

"मग तेच असणार. मागचा ४.४ पण संशयास्पदच वाटतोय मला आता."

"मागचा जुन्या लॉटवर झाला होता, सर."

"पूर्ण चेक करा. असे रिपोर्ट यायला लागले तर मला सगळे आयएनआर सांगलीच्या लॅबला पाठवावे लागतील. तोवर त्यांना घरी सोडू नका."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आयएनआर चुकायला शंभर वाटा आहेत. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त खुणेपर्यंत भरलं नाही, तर आकडा खोटा वाढतो. टेस्टच्या रसायनाच्या, म्हणजे किटच्या बाटलीवर एक आकडा छापलेला असतो, तो दर लॉटला, म्हणजे कंपनीच्या दर खेपेला बदलतो आणि मशीनमध्ये हातानं भरावा लागतो. तो चुकला की दिवसभराचे सगळे रिपोर्ट चुकतात. तो मीच भरला होता. बाटली उजेडात धरून तो मी भीतभीतच वाचला, हे इथं कबूल करते. आकडा बरोबर होता.

मग कंट्रोल लावला. कंट्रोल म्हणजे कंपनीनं दिलेला, उत्तर आधीच माहीत असलेला प्लाझ्मा. उत्तर बरोबर आलं. मग स्वतःचं रक्त काढून लावलं. १.० आलं. हिराक्कांचं नवीन रक्त घेतलं, ट्यूब खुणेपर्यंत भरली. सुई टोचलेल्या जागी कापूस धरला, तर रक्त थांबायलाच दहा मिनिटं लागली. तेवढ्यात त्यांच्या दंडावरचा काळानिळा डाग दिसला. तळहाताएवढा होता.

"पडला होता का, अक्का?"

"न्हाई गं. पाण्याची कळशी टेकली आसंल. हिरड्यातनं बी येतंय थोडं रगात. ब्रश टोचतोय नवा."

दुसऱ्या ट्यूबचं उत्तर ७.० आलं. उरलेला नमुना दुपारी सांगलीच्या लॅबच्या गाडीत दिला. मला आता खात्री होती, पण डॉक्टरांना कागद हवा होता. त्यांनी मात्र कागदाची वाट पाहिली नाही. दंडावरचा डाग बघितला आणि हिराक्कांना ॲडमिट केलं. वॉर्फरिन बंद. डोकं दुखलं, उलटी झाली, लघवी लाल दिसली तर लगेच सांगायचं, असं सिस्टरांना बजावलं.

डॉक्टरांनी हिराक्कांना सगळं विचारलं. माझ्यासमोरच विचारलं.

"नवीन गोळी सुरू केली का कुठली?"

"न्हाई."

"अँटिबायोटिक? गुडघ्यासाठी पेनकिलर?"

"तुमीच न्हाई म्हनलाय, तवापास्नं एक बी न्हाई."

"चुकून दोनदा घेतली वॉर्फरिन?"

"डॉक्टर, कॅलेंडरवर खूण करून घेते मी."

ते खरं होतं. पाकिटातल्या गोळ्या मोजल्या, बरोबर निघाल्या. जेवण तेच, भाजी तीच. आता डॉक्टरांच्याही कपाळाला आठी पडली. कारण सापडलं नाही तर आज आकडा उतरवता येतो, पण पुढच्या महिन्यात काय?

साडेचारला सांगलीचा रिपोर्ट आला. ६.९. लॅब दोषातून सुटली. मी सुटले नव्हते; आकडा का चढला ते कळलं नव्हतं. त्याच वेळी बाकीच्या तपासणीत लिव्हरचा एक आकडा थोडा वाढलेला दिसला होता. आधी तो कधी वाढलेला नव्हता.

पाचच्या सुमाराला पुढचं रक्त घ्यायला वॉर्डात गेले, तर हिराक्का गाढ झोपलेल्या. हाक मारून उठवावं लागलं. आयएनआर सात असलेला पेशंट असा झोपला की मनात नको ते येतं. सिस्टर म्हणाली, "डॉक्टर आत्ताच बघून गेलेत. सगळं ठीक आहे. नुसती झोप आहे." हिराक्का उठून नीट बोलल्या. हात-पाय हलवून दाखवले.

मी त्यांच्या बांगड्या मागे सारत म्हणाले, "अक्का, तुम्हाला तर झोपच लागत नव्हती. दर महिन्याला गुडघ्याचं आणि झोपेचं रडगाणं ऐकायचे मी."

"आता लागती बाई. लय ग्वाड लागती. दोन म्हैनं झालं."

"गुडघा?"

"त्यो बी जरा हलका हाय. पोट तेवढं बिघडतंय अधनंमधनं."

मी सुई खाली ठेवली. दोन महिन्यांपूर्वी झोप सुधारली, गुडघा हलका झाला, पोट बिघडायला लागलं. आपोआप असं होत नाही.

"अक्का, दोन महिन्यांपूर्वी काय सुरू केलं?"

त्या खिडकीकडे बघायला लागल्या.

"मला सांगा. औषध असो-नसो."

"औषध न्हाई ते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तेल हाय."

"लावायचं?"

"जिभंखाली टाकायचं."

त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक छोटी तपकिरी बाटली काढली. ड्रॉपर असलेली. लेबलवर विजयापत्र अर्क असं छापलं होतं आणि खाली बारीक अक्षरात सीबीडी. विजया म्हणजे भांग. तिच्या पानांतून काढलेल्या सीबीडी या घटकाचं तेल हल्ली दुखण्याला, झोपेला म्हणून पुष्कळ जण घेतात. आयुर्वेदिक औषध म्हणून चिठ्ठीवर मिळतं. त्यांचा मुलगा विनायक शिरवळच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्यानं मोबाईलवरून मागवून आईला दिलं होतं.

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

आता त्यांचे डोळे भरले. हिराक्का आमच्या भागात कोण आहेत, ते सांगायला हवं. त्यांच्या गावात दारूचं दुकान होतं. बायकांनी मतदान मागून ते बंद पाडलं. या मतदानात उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. घरोघरी फिरून आडव्या बाटलीला मतं गोळा करणाऱ्या हिराक्का होत्या. दुकानदारानं दारात येऊन शिव्या दिल्या, तरी हटल्या नव्हत्या.

"आडवी बाटली करनारी बाई भांगंचं थेंब घेती म्हनतील लोकं," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा मला बी ठावं नव्हतं. दुसऱ्या बाटलीला नातीनं वाचून दावलं. तवर गुडघा हलका झाला हुता. सोडवंना. मग तिला म्हनलं, कुनाला बोलू नगंस."

"हे डॉक्टरांना सांगावं लागेल, अक्का."

"आनि गावाला?"

"गावाला कशाला?"

त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. बाटली सोडताना त्यांनी मोठा श्वास टाकला. मला वाटतं, आकड्यापेक्षा हे ओझं त्यांना जास्त जड झालं होतं. (हे लिहू का, असं त्यांना नंतर विचारलं. "लिही की, पर नाव दुसरं घाल," म्हणाल्या. घातलंय.)

डॉक्टर शिंदेंनी लेबल दोनदा वाचलं, मोबाईलवर काहीतरी शोधलं, सांगलीच्या एका ओळखीच्या फिजिशियनना फोन लावला. फोन ठेवून खुर्चीत मागे टेकले.

"सापडलं. नसीमताई, मशीनला माझ्यातर्फे सॉरी सांगा."

"आणि मशीनवाल्या बाईला?"

"तिलाही."

मग त्यांनी मला समजावलं ते असं. आपण गिळलेलं वॉर्फरिन लिव्हर हळूहळू मोडून शरीराबाहेर काढतं. सीबीडी लिव्हरचं तेच काम अडवतं. गोळी रोजचीच, पण ती मोडली जात नाही, रक्तात साठत राहते. म्हणजे हिराक्का एक गोळी घेत होत्या आणि शरीरात दीड-दोन गोळ्यांचं काम होत होतं. त्यात गेल्या पंधरा दिवसांत त्यांनी थेंब वाढवले होते. डॉक्टरांनी डोस कमी करूनही आकडा चढला, तो त्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनायक शिरवळहून आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. डॉक्टरांच्या समोर उभाच राहिला.

"सर, मी सगळं वाचून घेतलं होतं. नशा होत नाही, साइड इफेक्ट नाही, असं होतं नेटवर."

"नशा होत नाही, हे बरोबर. साइड इफेक्ट नाही, हे चूक. झोप येते, पोट बिघडतं, भूक कमी होते, काहींचं लिव्हर कुरकुरतं. चिठ्ठी कोणी दिली?"

"फोनवर डॉक्टर होते. पाच मिनिटं बोलले. दुसरी औषधं चालू आहेत का विचारलं. मी बीपीची गोळी आहे म्हटलं. ती रक्ताची गोळी लहानपणापासून घरात बघतोय, सर. ती औषध आहे हेच ध्यानात आलं नाही."

"बसा आधी," डॉक्टर म्हणाले.

विनायक बसला. विचारलं, "म्हणजे हे तेल फसवणूक आहे का?"

"तसं मी म्हणणार नाही. लहान मुलांच्या काही अवघड फिट्सवर सीबीडीचा चांगला उपयोग होतो, ते सिद्ध झालंय. दुखणं, झोप यांवर काहींना फरक पडतो, काहींना नाही. अजून ठाम सांगता येत नाही. तुमच्या आईला पडला असेल. पण त्यांच्या गोळीबरोबर ते चालणार नाही. आणि फिट्सची, झोपेची, रक्ताची, कसलीही रोजची गोळी चालू असेल, तर आधी विचारल्याशिवाय हे घ्यायचं नाही."

आता आकडा उतरायला लागला. पण यातही एक मेख होती. तेल शरीरातून हळू निघतं. ते निघत जाईल तसं लिव्हर पुन्हा जोमानं गोळी मोडायला लागणार. मग डोस कमीच ठेवला तर आकडा दोनच्या खाली जाणार आणि झडपेवर गुठळी धरणार. म्हणून रोज टेस्ट. तिसऱ्या दिवशी ४.६. पाचव्या दिवशी ३.३, तेव्हा कमी डोसनं गोळी पुन्हा सुरू केली. आठव्या दिवशी २.३ आला, तर मला त्या सातइतकीच भीती वाटली. डॉक्टरांनी जुना, पहिल्यापासूनचा डोस दिला. त्यानंतर चार दिवसांनी ट्यूब मशीनला लावली आणि आकडा येईपर्यंत मी उभीच होते.

२.८.

रिपोर्ट टाईप करायच्या आधीच मी बाहेर जाऊन सांगितलं. विनायकनं भिंतीला पाठ टेकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हिराक्का त्याला म्हणाल्या, "आरं, मी बसलीया न्हवं हितं? रडतुयास कशाला?" मग मला म्हणाल्या, "नसीम, आता चा पाज." मी पाजला. डॉक्टर शिंदेही केबिनमधून उठून आले आणि आमच्याबरोबर उभ्यानं प्यायले. इतक्या वर्षांत तसं पहिल्यांदाच घडलं.

दंडावरचा डाग पिवळा पडून गेला. लिव्हरचा आकडा दोन महिन्यांनी जागेवर आला. गुडघा मात्र परत दुखायला लागला, झोपही पहिल्यासारखी मोडकी झाली. ते लपवण्यात अर्थ नाही. आता त्या फिजिओथेरपीला येतात, खुर्चीत बसून पाय उचलायचे व्यायाम करतात, शेक घेतात. "तेलाइतकं न्हाई," म्हणतात, "पर भ्या न्हाई."

आमच्या लॅबच्या फॉर्मवर एक ओळ होती: सध्या कोणती औषधे चालू आहेत? हिराक्कांनी त्यापुढं वर्षानुवर्षं खरं लिहिलं होतं, त्या महिन्यातही. मी ती ओळ खोडली. आता मी तोंडी विचारते: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय टाकता? उत्तराला वेळ लागतो, रांग वाढते. एक गृहस्थ परवा चहाच्या बिस्किटांपासून सुरू झाले आणि सातव्या मिनिटाला एका काढ्यापाशी आले. काढ्याचं नाव मी रिपोर्टच्या कोपऱ्यात लिहून डॉक्टरांकडे पाठवलं.