केसांवर मिळालेली वाटी

परवा वाशीमला आमच्या गल्लीत “केसावर भांडे” अशी हाळी आली आणि मी दार लावून घेतलं.

सत्तरच्या दशकातलं आसेगाव. मी तिसरीत होते. मायच्या डोक्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशनच्या आधी तिचं डोकं भादरलं, तेव्हा ती हसली म्हणे. कापलेली वेणी बाबांच्या हातात देत म्हणाली, “पोरीले द्या. मी येईपर्यंत सांभाळ म्हणा.”

डॉक्टर गाठ काढत असतानाच तिच्या हृदयाचे ठोके बिघडले आणि थांबले ते थांबलेच. बाबांनी अंगणात एवढंच सांगितलं. आमच्याकडेच राहणारी आत्या तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “रोग डोक्यात अन् मेली काळजानं. भेदरटच होती. धसका घेतला तिनं.” जमलेल्या बायांनी माना हलवल्या. गोठ्यात निघालेला साप एकटीनं मारणारी माझी माय त्या दुपारी भेदरट ठरली.

वेणी मी उशाशी घेऊन निजायची. पुढे केसांच्या बदल्यात भांडी देणारी बाई आली, तेव्हा आत्यानं ती तिच्या झोळीत टाकली. मी रडले. “मेल्या माणसाचे केस घरात कायले पायजेत?” आत्या म्हणाली. स्टीलची नवी वाटी मिळाली होती.

आज मी आत्याच्या तेव्हाच्या वयाची आहे. तरी तिला माफ करावंसं वाटत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं त्याच वाटीत मला वरण वाढलं. “घे, तुह्या मायची कमाई हाये.”

मला भूक लागली होती.