लेबलाप्रमाणे रंग

आमच्या घरात बिनरंगाची वस्तू फार दिवस टिकत नाही.

आम्ही पेणजवळच्या हमरापूरचे. घराच्या पुढच्या भागात गणपतीचा कारखाना आणि मागच्या भागात आम्ही. मधली भिंत आहे, पण ती कोणी मानत नाही. आमचा फ्रिज पितांबराच्या पिवळ्या रंगाचा आहे, पाण्याच्या पिंपाला सोनेरी काठ आहे. स्प्रे गनमध्ये उरलेला रंग वाया घालवायचा नाही, हा बाबांचा नियम. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी वाळलेली झाडं कारखान्यात ठेवली. मी आमच्या घरातली पहिली कॉलेजला जाणारी मुलगी, म्हणजे निदान एवढी अक्कल असायला हवी होती.

मे महिन्यात रोह्याला विद्यार्थ्यांसाठी डोंगरातल्या जैवविविधतेची उन्हाळी शाळा होती. मी नाव दिलं. घरी सांगितलं तेव्हा आईचा चेहरा उतरला.

"उन्हाळ्यात शाळा? म्हणजे नापास झालीस काय गो?"

"नाय आई, हुशार मुलांना घेतात."

"हुशार पोरांना सुट्टी असते," काका म्हणाले. काका मूर्तींचं शेडिंग करतात आणि मतंही देतात.

शाळा चांगली झाली. आम्ही डोंगर चढलो, झाडं ओळखली आणि प्रत्येकाने थोड्या डहाळ्या आणल्या. त्या वर्तमानपत्रात दाबून, वाळवून शेवटच्या दिवशी मांडायच्या होत्या. ज्याची मांडणी चांगली, त्याला तिथल्या मॅडम पावसाळ्यातल्या सर्वेक्षणाला बरोबर नेणार होत्या. जागा एकच होती. मला ती इतकी हवी होती की मी कोणाला बोलूनही दाखवलं नाही. (आईला दाखवलं. आईने काकांना सांगितलं. काकांनी गावाला.)

डहाळ्या दाबायला वजन हवं होतं. बाबांनी काही न विचारता प्लास्टरच्या दोन गोणी त्यावर ठेवल्या. इतक्या चपट्या डहाळ्या दुसऱ्या कोणाच्या नसतील. फक्त वाळल्यावर सगळ्याच चहाच्या चोथ्यासारख्या दिसायला लागल्या. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं, "रंग उडणारच. म्हणून रंग लेबलवर लिहायचा. न पाहिलेल्या माणसाला झाड डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे."

मी मन लावून लेबलं लिहिली आणि एकेक डहाळीला दोऱ्याने बांधली. 'कुडा. पाने वरून गडद हिरवी, खालून फिकट. फुले पांढरी.' 'अंजनी. फुले निळी-जांभळी.' मग मांडणीसाठी पुठ्ठे आणायला पेणला गेले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कच्ची मूर्ती पसंत करतं, आणि तिला कोणता रंग हवा ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी मूर्तीला बांधतात. 'पितांबर पिवळा, शेला गुलाबी.' कारागीर चिठ्ठी वाचतो आणि रंग मारतो. प्रश्न विचारत नाही.

मी परत आले तेव्हा कारखान्यातला पंखा जोरात चालू होता. त्याच्यासमोर दोरीवर, चिमट्यांना लटकून, माझं डोंगरावरचं वनस्पतिजीवन वाळत होतं. हिरवंगार. चमकत होतं.

"आलीस?" बाबा टॉवेलने हात पुसत म्हणाले. "पार मेली होती गो सगळी. उद्या मांडायची म्हणालीस ना? घेतली उरकून."

मी कुड्याची डहाळी चिमट्यातून काढून उलटी केली.

"चिठ्ठीपरमाणे केलंय हां," बाबांनी घाईने सांगितलं. "खालून फिकट लिवलं होतंस, म्हणून पानं उलटी करून परत मारली."

"जांभळ्याचं शेडिंग माझं," काका म्हणाले. "निळ्यातून जांभळ्यात नेलंय. बघ, सांधा दिसतोय काय?"

सांधा दिसत नव्हता.

"आणि ही उक्षी मी केली," आई म्हणाली. "लव हाय लिवलं होतंस. मग व्हेल्वेटची पावडर लावली."

उक्षीच्या पानांवर बाप्पाच्या पितांबराचं व्हेल्वेट होतं. एका डहाळीचं नाव मला सापडलं नव्हतं. लेबलवर मी फक्त प्रश्नचिन्ह काढलं होतं. ती पूर्ण सोनेरी होती.

"त्याचं काय लिवलंच नव्हतंस," बाबा म्हणाले. "सोनेरी कुठंपण चालतो."

तिघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. मोठ्या मंडळाचं गिऱ्हाईक मूर्ती बघायला येतं तेव्हा बघतात, तसंच.

"छान झालंय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सकाळी एसटीने गुपचूप जायचं मी ठरवलं होतं. पण ओला रंग एसटीत पुसला जाईल म्हणून बाबांनी मूर्तींचा टेम्पो काढला. काका पुठ्ठे मांडीवर घेऊन मागे बसले. बाबांना मूर्ती नेण्याचा एकच वेग माहीत आहे. नागोठण्यापासून आमच्या मागे धाटावच्या कंपनीतल्या कामगारांची शिफ्टची बस लागली होती. तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला आणि शेवटी बाजूने जाताना मान बाहेर काढून ओरडला, "मामा, विसर्जनाला अजून टाइम हाय!"

आम्ही पोहोचलो तेव्हा सगळ्यांची मांडणी झाली होती. टेबलामागून टेबल, सगळं तपकिरी. शेवटी माझं टेबल. मुलं गोळा झाली. मॅडम आल्या आणि थांबल्या. खिशातून भिंग काढलं, कुड्यावर धरलं, परत खिशात ठेवलं.

"हे कुठे मिळालं?"

"डोंगरावर, मॅडम."

"असं?"

"नाय मॅडम," मागून बाबा म्हणाले, "झाड डोंगराचं, रंग आमचा."

मी निम्मं सांगितलं. उरलेलं काकांनी सांगितलं, शेडिंगसकट. मॅडमनी एकेक लेबल वाचलं आणि एकेक डहाळी पाहिली. मग बाबांना विचारलं, "तुम्ही अंजनीची फुलं पाहिली होती?"

"नाय बा. चिठ्ठी वाचली."

"बरोबर आलाय रंग." मॅडम उक्षीपाशी आल्या. "ही मात्र चुकली. लव पानाच्या खालच्या बाजूला असते. तुम्ही वर लावलीत."

आईच्या कामात चूक? काका तडक पुढे झाले आणि लेबल उचलून मोठ्याने वाचलं, "'पानाच्या वरच्या बाजूस मऊ लव.'"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन कारागिरांच्या कामात एकच चूक निघाली होती, आणि ती वैज्ञानिकाची होती.

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यासाठी त्यांना खिडकीबाहेर बघावं लागलं. "हे नमुने मला ठेवता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "पण लेबलं वाचून कोणी झाड रंगवलेलं मी पहिल्यांदाच बघतेय. पुन्हा डहाळ्या आणून दे. मग ठरवू."

परतीच्या वाटेवर पेण आल्यावर बाबा म्हणाले, "तुझं काम बिघडवलं ना गो मी?"

"नाय बाबा. एक सोडून सगळी लेबलं पास झाली."

सर्वेक्षणाची जागा शेवटी मला मिळाली. मॅडम म्हणाल्या, डहाळ्यांसाठी एकच डोंगर तीनदा चढणारी मुलगी पावसातही चढेल. तीनदा, कारण दुसऱ्या वेळी आणलेल्या डहाळ्यांवर मी शहाणपणाने मोठ्या अक्षरांत 'रंग देऊ नये' असं लिहिलं होतं. बाबांनी ते वाचलं आणि गनला हातही लावला नाही. काकांनी फक्त वॉर्निश मारलं.

काकांची चूक नाही. वॉर्निशबद्दल मी काही लिहिलंच नव्हतं.